विश्लेषण : मालकाची बदली, श्वानाचे नवे घर... वाढलेला जातिवंत कुत्रा दत्तक घेताना काय पाहावे?

'लॅब्राडॉर, नर, वय चार वर्षे. सर्व लसी पूर्ण. मुलांमध्ये रमतो. बदलीमुळे चांगल्या घरी द्यायचा आहे, पैसे नकोत.' वाकड, पिंपळे सौदागर, रावेत किंवा मोशीतील मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप समूहांवर अशा आशयाचे संदेश अधूनमधून फिरतात. दोन-चार दिवसांत कोणीतरी येऊन कुत्रा घेऊन जाते आणि समूहावर पुन्हा पाणीकपातीची चर्चा सुरू होते. हस्तांतर इतके सोपे होते, कारण त्यात कोणीच कोणाला फारसे विचारत नाही. कुत्रा कोणाच्या नावावर, त्याने पूर्वी कोणाला चावा घेतला आहे का, तो एकटा राहू शकतो का, घेऊन जाणारा त्याचे काय करणार, हे प्रश्न राहून जातात. पिंपरी-चिंचवड ते चाकण-तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात वाढलेला जातिवंत श्वान एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा नेमके काय होते आणि काय व्हायला हवे, याचा हा आढावा.

याच पट्ट्यात हा प्रश्न ठळक का?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आली. त्या काळचा कामगार एकाच कंपनीत नोकरी सुरू करून तेथेच निवृत्त होत असे. कुत्रा पाळला तर तो अंगणात वाढे आणि त्याच अंगणात म्हातारा होई. आजचे चित्र वेगळे आहे. चाकणमध्ये २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने भोवती आहेत. शेजारी हिंजवडी आहे. येथे येणारे अनेक जण दोन-तीन वर्षांच्या हिशेबाने येतात. प्रकल्पही बदलतात. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि २०२३ मध्ये तो घेण्याचा करार ह्युंदाईने केला. या हिशेबात दहा-बारा वर्षे जगणारा प्राणी बसवणे कठीण जाते.

त्यातच बहुतेकांचे घर भाड्याचे, अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर. प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण सोसायटीला नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. बहुमताने ठराव केला तरी उपयोग नाही. मात्र ते संरक्षण सोसायटीच्या मनमानीविरुद्ध आहे. घरमालकाने करारातच 'पाळीव प्राणी नको' असे कलम घातले आणि भाडेकरूने त्यावर सही केली, तर पुढचे भांडण वेगळे. घर बदलताना कुत्रा सोडावा लागतो, तो अनेकदा या एका ओळीमुळे.

परदेशी बदलीत अडचण आणखी वाढते. भारतातून युरोपीय संघात श्वान न्यायचा तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तनमुन्यातील प्रतिपिंडांची तपासणी आणि नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम आहे. म्हणजे चार महिने धरूनच चालावे. कंपनीचे पत्र सहा आठवड्यांचे असते. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जाती विमानाच्या मालकक्षातून न्यायला अनेक विमान कंपन्या तयार नसतात. देशांतर्गत बदलीचे कारण मात्र तपासून पाहावे. रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गात पूर्ण कूपे आरक्षित करून कुत्रा सोबत नेता येतो. खर्च आहे, खटपट आहे, पण मार्ग आहे. 'बदली झाली' हे कारण काही वेळा खरे असते आणि काही वेळा ते 'आता झेपत नाही' याचे सभ्य रूप असते. घेणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळणे महत्त्वाचे.

कायद्याच्या नजरेत हे 'दत्तक' आहे का?

नाही. बोलताना आपण दत्तक म्हणतो, पण पाळीव प्राणी कायद्याने जंगम मालमत्ता आहे. पैसे घेतले तर ती विक्री, न घेता दिला तर ते दान. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ नुसार जंगम वस्तूचे दान नुसत्या ताबा देण्यानेही पूर्ण होते, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. पट्टा हातात दिला आणि समोरच्याने तो स्वीकारला की व्यवहार झाला. चार महिन्यांनी जुन्या मालकाला आठवण येऊन 'आमचा ब्रुनो परत द्या' असा फोन आला, तर त्याला केवळ भावनेच्या आधारे कुत्रा परत मागता येत नाही. आणि नव्या मालकाकडे काहीच लेखी नसेल, तर कुत्रा दिला होता की सांभाळायला ठेवला होता, यावर वाद घालायला दोन्ही बाजू मोकळ्या.

म्हणून एका पानाचे पत्र करावे. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, तारीख, श्वानाचे वर्णन, चिप असल्यास तिचा १५ आकडी क्रमांक, कायमस्वरूपी दिल्याचा स्पष्ट उल्लेख आणि दोघांच्या सह्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र असेल तर मालकी बदलाचा अर्ज जुन्या मालकाच्या सहीनेच करावा लागतो. तो देश सोडून गेल्यावर सही मागत फिरण्यात अर्थ नाही. चिप कोणत्या नोंदणीत आणि कोणाच्या क्रमांकावर आहे, हेही तेव्हाच बदलून घ्यावे. अन्यथा हरवलेला कुत्रा सापडल्यावर फोन जाईल तो फ्रँकफर्टला.

जबाबदारीचा मुद्दा याहून मोठा. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासंबंधी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हे कलम 'मालक' शोधत बसत नाही, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याला धरते. कुत्रा घरी आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी तो लिफ्टमध्ये कोणाला चावला, तर 'अजून कागद झाले नाहीत' हा बचाव फारसा कामाचा नाही.

परवाना कोणाकडे काढायचा?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो. पुणे महापालिकेचा परवाना वेगळा. औंधमधील मालकाकडून सांगवीतील कुटुंबाने कुत्रा घेतला तर नदी ओलांडताच हद्द बदलते आणि नव्या मालकाच्या नावाने नवा परवाना काढावा लागतो. चाकणला नगर परिषद आहे, तर म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या कारखान्यांच्या गावांत ग्रामपंचायती. हिंजवडीही महापालिकेच्या बाहेर. परिणामी सलग वस्ती दिसत असली तरी कुत्र्याची नोंद हद्दीगणिक तुटते. परवान्यासाठी रेबीज लसीकरणाचा पुरावा लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे जुना परवाना आहे त्याच्याकडे निदान एका वर्षाची लस तरी झालेली असते. घेणाऱ्याने परवाना मागण्याचे हे एक साधे व्यावहारिक कारण.

फुकट मिळणारा जातिवंत कुत्रा कोणाकोणाला हवा असतो?

सगळ्यात काळजीची बाजू ही. तीन-चार वर्षांची, निर्बीजीकरण न झालेली गोल्डन रिट्रीव्हर किंवा शिह त्झू मादी 'चांगल्या घरी' विनामूल्य मिळणे, हे बेकायदा पैदास करणाऱ्यासाठी फुकटचे भांडवल आहे. श्वान पैदास व विपणन नियम, २०१७ नुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची पैदास करता येत नाही. नोंदणी टाळणारा माणूस मात्र एखाद्या खोलीत चार माद्या ठेवतो आणि पिल्लांची छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकतो. त्याला मादी विकत घ्यावी लागू नये, याची सोय आपण अजाणतेपणी करून देतो.

यावर उपाय देणाऱ्याच्या हातात आहे आणि तो एकच आहे : कुत्रा देण्यापूर्वी निर्बीजीकरण. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये पाळीव श्वानाचे निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक ही मालकाची जबाबदारी मानली आहे. 'एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत' हा समज अजून घट्ट आहे, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट निर्बीजीकरण न झालेल्या प्रौढ मादीत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार पशुवैद्यकांना वारंवार दिसतो. 'निर्बीजीकरण झाले आहे' एवढे एक वाक्य संदेशात घातले की निम्मे चौकशी करणारे आपोआप गळतात. गळलेले कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी मागणी राखणीसाठीची. चाकण, खेड आणि मावळ भागात गोदामे, भंगाराची आवारे, मोकळे प्लॉट, शेतघरे भरपूर. तेथे जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर हवे असतात आणि तेही वाढलेले, कारण पिल्लू वाढवायला वेळ कोणाकडे आहे? आठव्या मजल्यावर सोफ्यावर झोपणारा शेफर्ड महिनाभरात पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला असू शकतो. राखण करणे गैर नाही, अनेक श्वानांना काम आवडतेही. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये आखूड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. त्याच कलमात कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तोही गुन्हा ठरतो, आणि तेथे थेट कुत्र्याचाच उल्लेख आहे. देणाऱ्याने कुत्रा पोहोचवायला स्वतः जावे, ही साधी अट म्हणूनच उपयोगी. पत्ता सांगायला टाळाटाळ करणारा माणूस नको.

तिसरा प्रकार उलट दिशेचा, म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक. सुंदर हस्कीचा फोटो, 'मालक परदेशी गेले, कुत्रा मोफत, फक्त वाहतुकीचे पैसे पाठवा' असा मजकूर. पैसे गेले की क्रमांक बंद. प्रत्यक्ष न पाहता एक रुपयाही देऊ नये, इतका सोपा नियम पाळला तरी पुरे.

आधीच्या मालकाला काय विचारावे?

कुत्रा का देत आहात, हा पहिला प्रश्न. पण उत्तरापेक्षा त्यानंतरचे प्रश्न अधिक सांगून जातात. तो दिवसात किती तास एकटा राहिला आहे? जेवणाच्या ताटलीजवळ कोणी गेले तर गुरगुरतो का? कोणाला चावला आहे का, केव्हा, कोणत्या प्रसंगात? लहान मुले, मांजर, लिफ्ट, फटाके, दुचाकी यांपैकी कशाला घाबरतो? दोन्ही नोकरी करणाऱ्या घराने तीन पाळ्यांत काम असलेल्या घराकडून कुत्रा घेतला, तर कदाचित त्याला पूर्वी कोणीतरी सतत सोबत असे आणि आता नऊ तास एकांत मिळेल. दार ओरबाडणे, सतत भुंकणे, घरात घाण करणे यांना वाईट सवयी समजले जाते. अनेकदा ती एकटेपणाची भीती असते. शेजाऱ्यांची तक्रार आली की कुत्रा तिसऱ्या घरी जातो.

चाव्याचा इतिहास लपवणे हा या व्यवहारातला सर्वात मोठा अपराध म्हणावा लागेल. 'सांगितले तर कोणी घेणार नाही' ही देणाऱ्याची भीती समजण्यासारखी आहे. पण चावलेला प्रत्येक कुत्रा आक्रमक नसतो. दुखऱ्या कानाला हात लागला म्हणून चावलेला आणि अनोळखी मुलावर धावून गेलेला, यांत फार अंतर आहे. ते माहीत असेल तर मूल नसलेले घर शोधता येते.

आरोग्याची कागदपत्रे म्हणजे केवळ लसीचे पुस्तक नव्हे. त्यावरील स्टिकर, तारीख, पशुवैद्यकाचा शिक्का पाहावा आणि त्या दवाखान्याला एक फोन करावा. कागद नसतील तर लस झालीच नाही असे धरून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीजची लस द्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते, तेथे 'बहुतेक दिली होती' चालत नाही. आपल्याकडे गोचीडतापाचे प्रमाण मोठे, त्यामुळे रक्ततपासणी करून घ्यावी. लॅब्राडॉर आणि शेफर्डमध्ये कंबरेच्या सांध्याचे दुखणे आनुवंशिक असू शकते. पाच वर्षांचा कुत्रा उठताना वेळ लावत असेल तर तो 'शांत' नसून दुखत असण्याची शक्यता आहे. पगची लाट आपल्याकडे २००३ मधील हचच्या जाहिरातीने आली. त्या चेहऱ्यासोबत येणारा श्वासाचा त्रास जाहिरातीत दिसत नव्हता. पारा ४० अंशांकडे जातो त्या एप्रिल-मेमध्ये पग किंवा हस्की सांभाळणे म्हणजे काय, ते जुन्या मालकाच्या वीजबिलाला विचारावे.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यापुरती. येथे मालक केरळचे, पंजाबचे, ओडिशाचे असतात. कुत्र्याला 'बस' कळत नाही म्हणून तो हट्टी ठरतो, पण त्याला तो शब्द मल्याळममध्ये शिकवलेला असू शकतो. कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांनी हाक मारत होता, हे लिहून घ्यावे. त्याचे अंथरूण, जुने खेळणे आणि आठवडाभर पुरेल इतके तेच खाद्यही सोबत आणावे. खाद्य एकदम बदलले की पोट बिघडते आणि दोष नव्या घराला जातो.

घरी आणल्यावर किती वाट पाहावी?

बचाव संस्थांमध्ये 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा एक ठोकताळा आहे. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, कदाचित खाणार नाही. तीन आठवड्यांत त्याला दिनक्रम कळतो आणि खरा स्वभावही दिसू लागतो. तीन महिन्यांत तो घराचा होतो. हा शास्त्रीय नियम नाही, पण घाई रोखायला पुरेसा आहे. पहिल्याच रविवारी नातेवाईकांना बोलावून 'बघा, कोण आलंय' असा सोहळा करणे टाळावे. फिरवताना पट्टा दुहेरी असावा. नव्या घरातून पळालेला कुत्रा जुन्या घराच्या शोधात निघतो आणि नाशिक फाटा किंवा चाकण-शिक्रापूर मार्गावरील अवजड वाहतूक त्याची वाट पाहणारी नाही.

'धोकादायक' जातींचे काय?

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सोसह २३ जातींवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याचे सांगत कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. पण त्या दरम्यान घाबरलेल्या काही मालकांना अशा जातींचे श्वान नकोसे झाले, हा परिणाम कोणत्याही निकालाने पुसला जात नाही. अशा जातीचा प्रौढ श्वान घेणाऱ्याने आधी स्थानिक परवान्याची अट विचारावी आणि पूर्वी मोठा कुत्रा हाताळला नसेल तर मोह टाळावा.

प्रौढ कुत्रा नव्या माणसांत रुळतो का?

रुळतो, याची उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. २६/११ च्या हल्ल्यावेळी मुंबई पोलिसांच्या श्वानपथकात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात एकत्र राहिले. २०१६ मध्ये एकामागून एक चौघेही गेले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोच्या सात श्वानांना रीतसर निरोप देऊन स्वयंसेवी संस्थेकडे सोपवले. खात्यातील श्वानाची वय, आजार, प्रशिक्षण, स्वभाव यांची नोंद असते आणि तो जेथे जातो तेथे ती जाऊ शकते. सोसायटीतल्या ब्रुनोची नोंद मालकाच्या डोक्यात असते, आणि मालक विमानात.

जमले नाही तर?

हा प्रश्न कुत्रा आणण्यापूर्वी विचारायचा. गेल्या वर्षभरात श्वानांची चर्चा झाली ती प्रामुख्याने भटक्या श्वानांची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेला भटका श्वान पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. सोडून दिलेला जातिवंत कुत्रा या चर्चेत कोठेच नव्हता. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीत तो टिकत नाही, कचऱ्यातून अन्न शोधणे त्याला येत नाही. आणि त्याला सोडून देणाऱ्याला शिक्षा काय? उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी वाऱ्यावर सोडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला होता.

तोवर संरक्षण आहे ते त्या एका पानाच्या पत्राचे. त्यात शेवटी एक ओळ घालता येते : काही कारणाने सांभाळणे शक्य न झाल्यास श्वान तिसऱ्या कोणाला परस्पर देणार नाही, आधी मूळ मालकाला किंवा त्याने नेमलेल्या स्थानिक व्यक्तीला कळवेन. परदेशी निघालेल्या मालकाने तेव्हा आपल्या मागे राहणाऱ्या एखाद्या मित्राचा किंवा नेहमीच्या पशुवैद्यकाचा क्रमांक, त्यांना विचारून, तेथे लिहून द्यावा.